गिझरचा प्लग काळा पडतोय, आणि मुलाची दोन सूत्रं एकमेकांच्या उलट बोलतायत

सूरसागर_काठ | ६ जानेवारी, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. आम्ही बडोद्यात, दांडिया बाजारात एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. बाथरूममध्ये १५ लिटरचा गिझर आहे. पाटीवर २००० वॉट, २३० व्होल्ट लिहिलंय.

महिनाभर दोन गोष्टी छळतायत. पाणी तापायला उन्हाळ्यात पंधरा मिनिटं लागायची, आता बावीस-तेवीस लागतात. आणि सॉकेटच्या एका भोकाभोवतालचं प्लास्टिक आधी तपकिरी झालं, आता चक्क काळं. गिझर चालू असला की बाथरूमच्या दाराशी सुकटीसारखा वास येतो. आमच्याकडे मासे शिजत नाहीत, त्यामुळे वास कुठला हे शोधायला वेळ लागला नाही.

वायरमन येऊन गेला. म्हणाला, "बेन, वोल्टेज ओछा आवे छे, एटले गरम थाय छे." म्हणजे व्होल्टेज कमी येतंय म्हणून प्लग तापतोय, स्टॅबिलायझर घ्या.

हे ऐकून दहावीतला मुलगा पुस्तक घेऊन आला. "आई, एकाच पानावर दोन सूत्रं आहेत. पॉवर म्हणजे व्होल्टेजचा वर्ग भागिले रोध. मग रोध वाढला की पॉवर कमी. खालच्या ओळीत पॉवर म्हणजे करंटचा वर्ग गुणिले रोध. मग रोध वाढला की पॉवर जास्त. लूज कॉन्टॅक्टमुळे रोध वाढतो म्हणतात, तर प्लग गार पडायला हवा की तापायला?" मी कॉमर्सवाली. पोराला उत्तर देता आलं नाही आणि ते मनाला लागलंय. कुणी नीट समजावून सांगेल का?

---

मकरपुरा_टेस्टबेंच | ६ जानेवारी, रात्री १०:१५

ताई, आधी ते सॉकेट आजपासून बंद. उद्या सकाळी आंघोळीचं पाणी गॅसवर तापवा. वास येतोय म्हणजे प्लास्टिक जळायला लागलंय, इथे चालढकल नको.

आता मुलाचं. त्याला माझ्यातर्फे शाबासकी द्या. मी तेहेतीस वर्षं ट्रान्सफॉर्मरच्या टेस्टिंगला होतो, हाताखाली आलेल्या निम्म्या डिप्लोमावाल्यांना हा प्रश्न कधी पडलाच नाही.

दोन्ही सूत्रं खरी आहेत. मूळ सूत्र एकच, पॉवर = व्होल्टेज × करंट. त्यात ओहमचा नियम (व्होल्टेज = करंट × रोध) घातला की कधी हे रूप मिळतं, कधी ते. रोध बदलल्यावर काय तसंच राहतं, हे पाहून रूप निवडायचं.

गिझरच्या कॉईलवर जवळपास सगळंच व्होल्टेज येतं आणि ते बाहेरून ठरलेलं असतं. कॉईलचा रोध कमी केला तर करंट वाढेल, उष्णता वाढेल. तिथे व्ही²/आर चालवा. प्लगच्या पिनेचं तसं नाही. ती कॉईलशी सिरीजमध्ये आहे, म्हणजे एकामागोमाग एक, दोघींतून करंट तोच. कॉईल २६-२७ ओहमची, पिनेचा कॉन्टॅक्ट फार तर अर्धा-पाऊण ओहमचा. किती करंट वाहायचा ते कॉईलच ठरवते, पीन बिचारी फक्त तो पुढे जाऊ देते. करंट जवळजवळ तोच राहून रोध वाढला की उष्णता वाढणारच. तिथे आय²×आर. म्हणजे एकाच वायरीवर एका ठिकाणी मुलाचं पहिलं सूत्र बोलतं आणि हातभर अंतरावर दुसरं.

आणि वायरमनचं म्हणणं मला पटत नाही. गिझर ही साधी तापणारी कॉईल. व्होल्टेज कमी आलं तर तिचा करंटही कमी होतो, मग प्लग उलट गार राहायला हवा. व्होल्टेज उतरल्यावर जास्त करंट खेचते ती मोटर, तिला आपलं काम कसंही रेटायचं असतं. फ्रिजचा नियम गिझरला लावून चालणार नाही.

---

सूरसागर_काठ | ७ जानेवारी, संध्याकाळी ६:०५

काका, मनापासून आभार. सॉकेट बंद केलंय. मुलाने तुमचं उत्तर तीनदा वाचलं, मग मल्टिमीटर घेऊन बसला. मेन स्विच बंद, प्लग बाहेर, आणि प्लगच्या दोन पिनांवर प्रोब लावून रोध मोजला: २६.६ ओहम. २३० चा वर्ग ५२,९००, भागिले २६.६, म्हणजे १९८९ वॉट. म्हणजे गिझर धडधाकट आहे, असं समजायचं का?

---

ग्वाल्हेरची_थंडी | ७ जानेवारी, रात्री ८:३०

कॉईल तुटलेली नाही आणि पाटीवर लिहिल्याप्रमाणे आहे, एवढं नक्की समजा. पण थंड वस्तूचा रोध मोजून पॉवर काढायची सवय मुलाला लागू देऊ नका. गिझरच्या बाबतीत ती चालून गेली, कारण कॉईलमध्ये नायक्रोम नावाचा मिश्रधातू असतो आणि तापल्यावर त्याचा रोध अगदी थोडा वाढतो. सगळ्या धातूंचं असं नसतं.

मी इथे मुलांना भौतिकशास्त्र शिकवते. दर वर्षी १०० वॉटचा जुना फिलामेंटचा बल्ब वर्गात नेते. थंड असताना मीटर दाखवतो ४० ओहमच्या आसपास. मुलं लगेच गणित करतात, ५२,९०० भागिले ४०, तेराशे वॉटच्या वर! मग त्यांना बल्बवरचा १०० आकडा दाखवते. वर्गात एकदम शांतता होते. मला तो क्षण फार आवडतो. पेटलेल्या बल्बची तार अडीच हजार अंशांच्या आसपास असते आणि टंगस्टनचा रोध तेवढ्यात तेरा-चौदा पट होतो. पेटल्यावर ५२९ ओहम, म्हणून १०० वॉट. रोध हा वस्तूच्या कपाळावर कोरलेला आकडा नव्हे. चालू असताना तिच्यावर व्होल्टेज किती आणि तिच्यातून करंट किती, त्यांचा भागाकार म्हणजे त्या क्षणीचा रोध.

काकांनी सांगितलेला फरक डोळ्यांनी दिसावा म्हणून एक प्रयोग. ४० वॉटचा आणि १०० वॉटचा बल्ब सिरीजमध्ये जोडायचा (मोठ्या माणसाने, सिरीज बोर्डावर). जास्त उजेड कुणाचा? वर्गातली निम्मीअधिक मुलं १०० म्हणतात. पेटतो ४० वॉटचा, १०० वॉटचा जेमतेम लालसर होतो. करंट दोघांतून एकच, आणि ४० वॉटवाल्याचा रोध १३२२ ओहम, दुसऱ्याचा ५२९. इथे आय²×आर. तेच दोन बल्ब घरात नेहमीसारखे वेगवेगळ्या होल्डरला लावले की दोघांवर व्होल्टेज एकच, मग १०० वॉटचाच उजेड जास्त.

जाता जाता. ओहमने नियम शोधला तेव्हा त्याचीही पहिली अडचण हीच होती, की काय स्थिर धरायचं. त्या काळच्या बॅटऱ्यांचं व्होल्टेज मोजता मोजता घसरायचं. मग त्याने तांबं आणि बिस्मथ जोडून, एक टोक उकळत्या पाण्यात आणि दुसरं बर्फात ठेवून, न हलणारं व्होल्टेज मिळवलं आणि मगच आकडे जुळले. पुस्तक १८२७ सालचं. करंटच्या वर्गाच्या प्रमाणात उष्णता निर्माण होते, हे जूलने त्यानंतर चौदा-एक वर्षांनी मोजून दाखवलं.

---

तार_आणि_पक्कड | ७ जानेवारी, रात्री ९:५०

मी मांजलपूरला वायरिंगची कामं करतो. ताई, रोज बघतो हे. लोकांना वाटतं एमसीबी (बोर्डातला आपोआप पडणारा स्विच) आहे, काही धोका असला तर पडेल. एमसीबी करंट बघते. तुमच्या गिझरचा करंट आठ-साडेआठ, एमसीबी सोळा किंवा वीसची, ती कशाला पडेल? लूज कॉन्टॅक्टमुळे करंट वाढत नाही, उलट जरासा कमीच होतो. बोर्ड जळून कोळसा होईल आणि एमसीबी वरच राहील. ईएलसीबीचंही तेच, ती फक्त गळती पकडते.

चांगला माणूस बोलवा आणि गिझर चालू ठेवून तीन जागी व्होल्टेज मोजायला सांगा: डीबीमध्ये (एमसीबी असतात त्या मुख्य बोर्डात), सॉकेटला मागून वायर येते त्या स्क्रूवर, आणि गिझरच्या स्वतःच्या टर्मिनलवर. सोबत क्लॅम्प मीटरने (वायरीभोवती चिमट्यासारखा धरायचा मीटर) करंट. क्लॅम्पमध्ये एकच वायर घ्यायची, डीबीतली गिझरची फेज. पुष्कळ जण अख्खी केबल चिमट्यात धरतात आणि मीटर शून्य दाखवतो, कारण जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना काटतात. हे चालू लाइनवरचं काम आहे, मुलाला हात लावू देऊ नका. दोन-तीन मिनिटांत उरकतं, तेवढ्यापुरतं ते सॉकेट चालवलं तरी हरकत नाही, पण माणूस समोरून हलता कामा नये.

---

छप्पन_नंबर | ८ जानेवारी, सकाळी ७:२०

इंदूरहून. आमच्याकडे हेच इन्व्हर्टरच्या बॅटरीला झालं होतं. लाइट गेली की पंखे दहा मिनिटांत मरगळायचे. दुकानदार नवीन बॅटरी घ्या म्हणून मागे लागला होता. बॅटरी १२ व्होल्टची, त्यामुळे थोड्याशा लोडलाही करंट भरपूर, आमच्या घरात ३६ अँपियर. टर्मिनलवर पांढरी-हिरवट बुरशी साचली होती. बॅटरीचा खांब आणि त्यावरचा क्लिप, या दोघांच्या मध्ये मोजलं तर ०.९ व्होल्ट. भागाकार केला तर ०.०२५ ओहम, एकदम फालतू वाटणारा आकडा. पण ०.९ × ३६ म्हणजे ३२ वॉट एवढ्याशा क्लिपवर! वायर काढून गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुतलं, कोरडं केलं, आवळलं, वर व्हॅसलीन. तीच बॅटरी अजून चालू आहे.

---

सूरसागर_काठ | १० जानेवारी, रात्री ९:१०

आज दुसरे वायरमन आले. वयस्कर, शांतपणे काम करणारे. मुलाला दोन हात लांब स्टुलावर बसवलं आणि आकडे लिहून घ्यायला सांगितले. ते असे:

गिझर चालू असताना डीबीमध्ये २२६ व्होल्ट. सॉकेटच्या मागच्या स्क्रूवर २२०.४. गिझरच्या टर्मिनलवर २१५. करंट ८.० अँपियर.

तेवढ्या वेळात मुलाच्या बाबांनी खाली मीटरपाशी उभं राहून लाल दिव्याची उघडझाप मोजली. बाकी सगळं घर बंद होतं. मीटरवर एका युनिटला ३२०० असं छापलंय. १०० वेळा लुकलुकायला ६२ सेकंद लागले.

डीबीपासून बाथरूमपर्यंत वायर साधारण १८ मीटर, जुनी, एक एमएमची (म्हणजे एक चौरस मिलिमीटर छेदाची).

---

मकरपुरा_टेस्टबेंच | १० जानेवारी, रात्री ११:००

वा! असे आकडे मिळाले की मला झोप येत नाही. चला, मुलाला शेजारी बसवा.

गिझरला प्रत्यक्षात मिळतात २१५ × ८ = १७२० वॉट. त्याचा चालू असतानाचा रोध २१५ ÷ ८ = २६.९ ओहम. थंड असताना २६.६ होता, म्हणजे ग्वाल्हेरच्या ताई म्हणाल्या तसं नायक्रोम जेमतेम हललं. डीबीतून निघाले २२६ × ८ = १८०८ वॉट. मधल्या वाटेत ८८ वॉट गेले.

दिव्याचं गणित पडताळून पाहू. ३२०० वेळा म्हणजे एक युनिट, म्हणजे ३६ लाख ज्यूल. १०० वेळा म्हणजे १,१२,५०० ज्यूल, भागिले ६२ सेकंद, १८१४ वॉट. तिकडे १८०८, इकडे १८१४. ताई, दोन वेगळ्या वाटांनी मोजून आकडा एवढा जवळ आला, म्हणजे तुमच्या घरातल्या तिघांनी काम चोख केलंय.

आता ते ८८ वॉट कुठे गेले? वायरीत ५.६ व्होल्ट पडले, × ८ = ४५ वॉट. एक एमएमची तांब्याची वायर मीटरला साधारण ०.०१९५ ओहम. जाऊन-येऊन ३६ मीटर, म्हणजे ०.७ ओहम, आठ अँपियरला ५.६ व्होल्ट. तंतोतंत. हे ४५ वॉट ३६ मीटरभर पसरलेत, हाताला कळणारही नाहीत. उरलेले ५.४ व्होल्ट बोर्ड आणि प्लगमध्ये (गिझरच्या छोट्या केबलचा वाटा नगण्य). ५.४ × ८ = ४३ वॉट, आणि ते सगळे नखाएवढ्या जागेत! रेडिओ दुरुस्तीवाल्याचं सोल्डरिंग आयर्न २५ वॉटचं असतं, त्याने शिसं वितळतं. तुमच्या सॉकेटच्या आत त्याच्या दीडपटीहून जास्त उष्णता रोज वीस मिनिटं बसून होती.

रोध किती? ५.४ ÷ ८, पाऊण ओहमही नाही. मल्टिमीटरने थेट मोजायला गेलात तर हाती काही लागत नाही, कारण त्याच्या प्रोबच्या वायरींचाच तेवढा रोध असतो. म्हणून मी करंट वाहता ठेवून व्होल्ट मोजण्याच्या एवढा मागे लागतो. आम्ही कारखान्यात ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगचा रोध असाच काढायचो. दोन जाड वायरींनी दहा अँपियर डीसी सोडायचा आणि वेगळ्या दोन बारीक वायरी थेट वाइंडिंगच्या टोकांना लावून मिलिव्होल्ट वाचायचे. जाड वायरींचे क्लिप सैल असले तरी बिघडत नाही, बारीक वायरींना फक्त वाइंडिंगच दिसतं. १८.४ मिलिव्होल्ट आले की रोध १.८४ मिलिओहम, एका ओहमचा दोन हजारावा भागसुद्धा नाही... चुकलो, पाचशेचाळिसावा. तो मग ७५ अंशांवर नेऊन लिहायचा. तांब्याला (२३५ + ७५) भागिले (२३५ + त्या वेळचं तापमान) एवढ्याने गुणायचं. ३२ अंशांना मोजला तर ३१० ÷ २६७, म्हणजे २.१४ मिलिओहम. आकडा वहीत उतरल्याशिवाय आमचे साहेब क्लिप काढू द्यायचे नाहीत, आणि डीसी पूर्ण उतरल्याशिवाय तर नाहीच. वाहत्या करंटवर क्लिप ओढला की वाइंडिंग असा झटका देतं की जन्मभर लक्षात राहतो.

मी शिकलो कलाभवनात. सयाजीराव महाराजांनी १८९० साली ते काढलं ते हातात हत्यार धरायला शिकवण्यासाठी. तुमचा मुलगा स्टुलावर बसून आकडे लिहीत होता हे वाचून मला ते वर्कशॉप आठवलं.

आता पाण्याचं. इथे मला वीज दोषी वाटत नाही. उन्हाळ्यात टाकीचं पाणी ३० अंशांचं धरा, आत्ता २०. तापवायचं ५५ पर्यंत. १५ लिटरला उन्हाळ्यात २५ अंश चढायचे, आता ३५. १७२० वॉटने उन्हाळ्यात सव्वापंधरा मिनिटं येतात आणि आत्ता सव्वाएकवीस. तुमच्या वेळांच्या जवळ आलं ना? वायर आणि सॉकेट सुधारलं तर दीडएक मिनिट वाचेल, जास्त नाही. बाकीचा वेळ थंडीचा.

---

ग्वाल्हेरची_थंडी | ११ जानेवारी, सकाळी ६:५०

काका, पाचशे त्रेचाळिसावा. १ ÷ ०.००१८४.

---

मकरपुरा_टेस्टबेंच | ११ जानेवारी, सकाळी ७:३०

मान्य, ताई. असंच लक्ष ठेवा.

---

निंबूपाणी | ११ जानेवारी, दुपारी १:१५

मध्येच विचारतो. हे वाचून मी आमच्या अर्ध्या एचपीच्या पाण्याच्या मोटरचं गणित केलं. क्लॅम्पवर ३.७ अँपियर, २३० व्होल्ट, म्हणजे ८५१ वॉट. मीटरचा दिवा मोजून ६२० येतात. वाइंडिंगचा रोध १४ ओहम, त्यावरून ३७०० च्या पुढे जातं! कुठलं खरं?

---

तार_आणि_पक्कड | ११ जानेवारी, दुपारी २:००

६२० खरं, बिल त्याचंच येतं. मोटरमध्ये व्होल्टेज आणि करंट एका ताला-सुरात चढत-उतरत नाहीत, करंट मागे राहतो. म्हणून नुसत्या गुणाकाराला पॉवर फॅक्टरने कापायचं. ६२० ÷ ८५१, तुमचा ०.७३. आणि १४ ओहम हा नुसत्या तांब्याचा रोध. एसीवर चालणाऱ्या मोटरला तो एकटा अडवत नसतो, व्ही²/आर तिथे लावूच नका. गिझर, इस्त्री, फिलामेंटचा बल्ब यांच्यापुरतंच ते.

---

सूरसागर_काठ | १३ जानेवारी, रात्री १०:२०

उद्या उत्तरायण, त्याआधी काम उरकून घेतलं. मेन बंद करून बोर्ड उघडला तेव्हा आम्ही सगळे वाकून बघत होतो. सॉकेटच्या आत पिनेला धरणारी पितळी नळी असते, तिची एक बाजू उमलल्यासारखी फाकली होती आणि निळसर-जांभळी पडली होती. तिच्यामागचा स्क्रू वायरमनकाकांनी पेचकसाने नुसता टेकवला आणि तो दीड फेरा फिरला. वायरीचं लाल आवरण दोन इंचापर्यंत कडक होऊन बोटाने पापडासारखं तुटत होतं, आतलं तांबं काळं. प्लगच्या पिनेवर बारीक खड्डे. प्लगही बदलायलाच लागला, खड्डेवाली पीन नवीन सॉकेटसुद्धा खराब करेल म्हणाले.

नवीन १६ अँपियरचं सॉकेट आणि स्विच, नवीन प्लग, डीबीपासून अडीच एमएमची वायर. मग परत मोजलं. डीबीत २२६, गिझरवर २२३, करंट ८.३. मुलाने कुणी न सांगता लिहिलं: १८५१ वॉट, वाटेत फक्त २५. मीटरचा दिवा १०० वेळा बरोबर ६० सेकंदांत.

आणि रात्री जेवताना त्याने त्याच्या आजीला दोन सूत्रं समजावली. "आजी, कॉईल व्होल्टेजचं ऐकते, पीन कॉईलचं ऐकते." त्यांना किती कळलं ठाऊक नाही, मला मात्र कळलं.

---

तार_आणि_पक्कड | १३ जानेवारी, रात्री १०:५५

उत्तम काम. एक राहिलं. तांब्याची मल्टिस्ट्रँड वायर स्क्रूखाली चार-आठ दिवस तापून-निवून दबते. आठवड्याने मेन बंद करून तेच स्क्रू पुन्हा आवळून घ्या, डीबीतलाही.

---

सूरसागर_काठ | २२ जानेवारी, रात्री ८:४५

आज नववा दिवस. वायरमनकाका येऊन गेले. सॉकेटचे स्क्रू जागचे हलले नाहीत, डीबीतला मात्र पाव फेरा फिरला. त्याआधी गिझर वीस मिनिटं चालवून, बंद करून, प्लग काढून पिनेला बोट लावलं. कोमट.